लंडन बघायचंय? मग यादी अर्धी करा!

रजा मंजूर झाली, व्हिसा हातात आला, तिकीटही काढून झालं. आता प्रश्न एकच: पाच दिवसांत एवढं मोठं लंडन बघायचं कसं? खिसा सांभाळून आणि पायांवर थोडी दया करून लंडन बघण्याचा हा साधासोपा फंडा.

लंडनला निघालेल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एक यादी असते. थोडी मावशीने सांगितलेली, थोडी ऑफिसातल्या कलीगच्या फोटोंवरून उचललेली, थोडी नेटवरची. बिग बेन, लंडन आय, टॉवर, बकिंगहॅम पॅलेस, मादाम तुसाँ, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी, शार्ड, हॅरी पॉटरचा स्टुडिओ... यादी वाढतच जाते. मग तिथे पोचल्यावर सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत नुसती धावाधाव. या रांगेतून त्या रांगेत आणि या स्टेशनातून त्या स्टेशनात. घरी परतल्यावर फोटो हजारभर असतात, पण "शहर कसं आहे गं?" असं आईने विचारलं, की पटकन उत्तर सुचत नाही.

त्यात पैशांचं गणित वेगळंच. एका पौंडाला शंभराहून जास्त रुपये मोजावे लागतात. टॉवर ऑफ लंडन, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी, लंडन आय ही नावाजलेली ठिकाणं बघायची तर प्रत्येकाचं तिकीट माणशी साधारण तीन ते पाच हजार रुपयांच्या घरात जातं. दोघं असाल आणि दिवसाला अशी तीन तिकिटं काढलीत, तर हॉटेलपेक्षा तिकिटांचंच बिल जास्त व्हायचं! वर्षभर साठवलेली रजा आणि वर्षभर साठवलेले पैसे, दोन्ही रांगेतच संपणार.

म्हणून आमचा नियम सोपा आहे: एका दिवसाला शहराचा एकच भाग आणि एकच तिकीट. बाकीचा दिवस पायी, बसने आणि फुकट. आणि बॉस, फुकट म्हणजे दुय्यम असं समजू नका. लंडनमधली कितीतरी उत्तम ठिकाणं खरोखरच फुकट आहेत. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नॅचरल हिस्ट्री म्युझियम या सगळ्यांचे कायमचे विभाग बघायला एक पैसा लागत नाही. तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयांचा प्रवेश २००१च्या डिसेंबरपासून सर्वांना मोफत आहे. फक्त खास प्रदर्शनांना तिकीट असतं.

चला तर मग, पाच दिवसांचे पाच भाग ठरवून टाकू.

पहिला दिवस: नदीकाठ

विमानप्रवासाने शरीर आंबलेलं असतं, डोकं अजून भारतीय वेळेवर चालत असतं. अशा दिवशी म्युझियम नको. सरळ नदीकाठी चाला. वेस्टमिन्स्टर पुलावरून सुरुवात करा. बिग बेनचा फोटो इथूनच झक्कास येतो. तसं बघितलं तर बिग बेन हे आतल्या घंटेचं नाव आहे. मनोऱ्याचं नाव २०१२पासून एलिझाबेथ टॉवर.

पूल ओलांडून दक्षिण काठाला या आणि नदी डाव्या हाताला ठेवून चालत राहा. लंडन आय, वॉटर्लू पुलाखालचा जुन्या पुस्तकांचा बाजार, टेट मॉडर्न, शेक्सपिअरचं ग्लोब थिएटर, बरो मार्केट आणि शेवटी टॉवर ब्रिज. चार किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. रमतगमत गेलात तर अर्धा दिवस मजेत जातो.

टेट मॉडर्नमध्ये चित्रं कळत नसली तरी आत जाच. जुन्या वीज केंद्राचं २०००मध्ये केलेलं हे संग्रहालय आहे. टर्बाइन हॉलमध्ये नुसतं उभं राहिलं तरी त्या इमारतीचा आवाका अंगावर येतो. समोरच मिलेनियम ब्रिज आहे. हा पादचारी पूल जून २०००मध्ये सुरू झाला आणि लोक चालायला लागताच इतका डुलायला लागला, की दोन दिवसांत बंद करावा लागला. तो पुन्हा उघडला २००२मध्ये. आता डुलत नाही, बिनधास्त जा. बरो मार्केट मात्र सोमवारी बंद असतं, तेवढं बघून दिवस ठरवा.

या दिवशी तिकीट? काढूच नका. काढायचंच असेल तर उन्हाळ्यात ग्लोबमध्ये उभं राहून नाटक बघण्याचं काढा. वर छप्पर नाही, बसायला खुर्ची नाही, पण तिकीट स्वस्त आणि नट अगदी हाताच्या अंतरावर.

दुसरा दिवस: कोहिनूर आणि पोस्टमनची बाग

आज तिकिटाचा दिवस. टॉवर ऑफ लंडनचं तिकीट ऑनलाइन काढा, दार उघडायच्या वेळी पोचा आणि बाकी काही न बघता आधी ज्युएल हाउस गाठा. अकरानंतर तिथली रांग वाढत जाते. राणी एलिझाबेथ यांच्या आईसाठी १९३७मध्ये घडवलेल्या मुकुटात आपला कोहिनूर बसवलेला आहे. १८४९मध्ये पंजाब खालसा झाला, तेव्हाच्या तहात महाराजा दुलीपसिंग यांच्याकडून तो घेतला गेला. महाराजांचं वय तेव्हा होतं अवघं दहा वर्षं. हे माहीत असलं, की त्या काचेसमोर उभं राहिल्यावर नुसतं "वॉव" निघत नाही तोंडातून.

तिथून १५ नंबरची लाल डबल डेकर पकडा. वरच्या मजल्यावर, अगदी पुढची सीट! मुंबईतल्या जुन्या लाल डबल डेकर २०२३मध्ये निवृत्त झाल्या. त्या पुढच्या सीटसाठी धावलेल्या मंडळींना तर हा प्रवास वेगळाच आनंद देईल. पर्यटकांच्या उघड्या बसचं तिकीट काढायची गरज नाही. साध्या बसच्या भाड्यात तोच रस्ता दिसतो.

सेंट पॉल्सला उतरा. तिथून पाच-सात मिनिटांवर पोस्टमन्स पार्क नावाची एक छोटी बाग आहे. ती बहुतेक याद्यांमध्ये नसते. तिथे एका छपराखाली भिंतीवर रंगीत अक्षरांच्या पन्नासहून जास्त फरशा लावल्यात. जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स या चित्रकाराच्या कल्पनेतून १९००मध्ये हे स्मारक उभं राहिलं. त्यावर ना राजा आहे, ना सेनापती. दुसऱ्याला वाचवताना जीव गमावलेली साधी माणसं आहेत. त्यातलीच एक अ‍ॅलिस एअर्स. विटा रचणाऱ्या मजुराची ही मुलगी. १८८५मध्ये बरो भागात घराला आग लागली, तेव्हा तिने तीन मुलांना वाचवलं आणि स्वतः गेली. हिऱ्या-माणकांच्या मुकुटानंतर त्याच दिवशी ही भिंत बघा. दोन्ही मिळून हे शहर जास्त कळतं.

कामाच्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला गेलात तर आजूबाजूच्या ऑफिसांतली मंडळी तिथल्या बाकांवर सँडविच खाताना दिसतील. लंच टाइम संपत आल्यावर घड्याळाकडे टाकलेला तो कटाक्ष तुमच्या चांगलाच ओळखीचा असेल!

तिसरा दिवस: म्युझियम, पण दीड तास

हा दिवस शक्यतो शुक्रवारी ठेवा. शुक्रवारी ब्रिटिश म्युझियम रात्री साडेआठपर्यंत, नॅशनल गॅलरी नऊपर्यंत आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट दहापर्यंत उघडं असतं. शाळांच्या सहली आणि ग्रुप टूर्स तोपर्यंत पांगलेल्या असतात.

ब्रिटिश म्युझियम "पूर्ण" बघायचा विचार मनातून काढून टाका. पाच वस्तू ठरवा, दीड तासात त्या नीट बघा आणि बाहेर या. आमच्या पाच अशा: रोझेटा स्टोन, सिंहाच्या शिकारीची असिरियन शिल्पं, पार्थेनॉनची शिल्पं, लुईस बेटावर सापडलेल्या बुद्धिबळाच्या सोंगट्या आणि अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं. ही अमरावती विदर्भातली नव्हे, आंध्रातली. हे सगळं इथे कसं आलं आणि इथेच राहावं का, हा वाद जुना आहे. बघताना तो मनात येणारच आणि यावाही.

बाहेर पडण्याआधी ग्रेट कोर्टच्या मधोमध असलेल्या गोल इमारतीपाशी दोन मिनिटं थांबा. ही तिथली जुनी रीडिंग रूम. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये शिकत असताना म्युझियमच्या ग्रंथालयात तासन् तास वाचत बसायचे. १९१६मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने पुढच्याच वर्षी अर्धवट शिक्षण सोडून परतावं लागलं. १९२०मध्ये ते पुन्हा गेले. गाठीला होती सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीतून वाचवलेली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेलं कर्ज. १९२२मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर, १९२३मध्ये डी. एस्सी. ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही दोन्ही ठिकाणं म्युझियमपासून पंधरा-वीस मिनिटांच्या पायी अंतरावर आहेत. पगारातून पैसे साठवून लंडन गाठलेल्या कुणालाही ही वाट चालताना काहीतरी वाटल्याशिवाय राहणार नाही.

संध्याकाळी कॉव्हेंट गार्डनमध्ये टाइमपास करा, रस्त्यावरचे कलाकार बघा आणि मग नॅशनल गॅलरीत व्हॅन गॉगची सूर्यफुलं. आजच्या एका तिकिटासाठी लेस्टर स्क्वेअरच्या टीकेटीएस खिडकीवर चौकशी करा. तिथे त्याच दिवशीच्या नाटकांची तिकिटं सवलतीत मिळतात.

चौथा दिवस: आपल्या साडेपाच तासांचं उगमस्थान

क्लायंट कॉल, डेडलाइन, शिफ्ट... ज्या जीएमटीच्या नावाने तुम्ही वर्षभर बोटं मोडता, ते ग्रिनिच प्रत्यक्ष बघायचा हा दिवस. जाताना नदीतून बोटीने जा. येताना डीएलआर नावाच्या ट्रेनने या. तिला मोटरमनची केबिनच नसते, त्यामुळे पुढच्या सीटवर बसून आपणच गाडी चालवतोय असा आव आणता येतो. लहान मुलं आधीच तिथे बसलेली असतील, तर थोडं थांबा!

वेधशाळेच्या अंगणातल्या शून्य रेखावृत्तावर एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढायला तिकीट लागतं. तीच रेषा बाहेरच्या पायवाटेवरच्या भिंतीवरही दाखवलेली आहे. तिथे पैसे लागत नाहीत आणि रांगही जवळजवळ नसते. दुपारी एकच्या आधी पोचा. छतावरचा लाल गोळा बरोबर एक वाजता खाली पडतो. नदीतल्या जहाजांना आपली घड्याळं लावता यावीत म्हणून १८३३पासून ही पद्धत सुरू झाली. १८८४मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत ही रेषा जगाची शून्य रेषा ठरली आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे मोजली जाऊ लागली ती १९०६पासून.

टेकडीवरून नदी, जुनं नेव्हल कॉलेज आणि मागे कॅनरी व्हार्फचे टॉवर असा सगळा पसारा एका नजरेत येतो. उतरल्यावर कटी सार्क जहाजाशेजारच्या गोल घुमटातून जमिनीखाली जा. १९०२मध्ये बांधलेला हा पादचारी बोगदा चक्क थेम्सच्या पात्राखालून पलीकडे नेतो. हाही फुकट!

पाचवा दिवस: टिळकांच्या घरापासून बाबासाहेबांच्या घरापर्यंत

हा आमचा सगळ्यात आवडता दिवस. वॉरिक अ‍ॅव्हेन्यू स्टेशनला उतरा. जवळच लिटल व्हेनिस नावाचा भाग आहे. कालवा, त्यात रंगवलेल्या लांबोडक्या होड्या आणि काठाने पांढरी घरं. तिथेच १०, हाउली प्लेस या घरावर एक पाटी आहे. लोकमान्य टिळक १९१८-१९मध्ये इथे राहिले होते. व्हॅलेंटाइन चिरोल या पत्रकाराविरुद्ध त्यांनी केलेला बदनामीचा खटला चालवण्यासाठी ते लंडनला गेले होते. खटला ते हरले, पण मुक्कामात तिथल्या मजूर पक्षाच्या लोकांना भेटून, भाषणं करून स्वराज्याची बाजू मांडत राहिले. घर खासगी आहे. बाहेरून बघा, घंटी वाजवू नका.

मग कालव्याच्या काठाने पूर्वेकडे चालायला लागा. एका बोगद्यापाशी काठाची वाट तुटते, तिथे वर रस्त्यावर येऊन पुढे पुन्हा खाली उतरायचं. वाटेत लॉर्ड्स जवळच आहे. १९८३चा वर्ल्ड कप आणि २००२मध्ये गांगुलीने शर्ट फिरवलेली ती बाल्कनी! क्रिकेटवेड्यांनी आजचं एक तिकीट इथल्या टूरवर खर्च करावं. इतरांनी रीजंट्स पार्कच्या कडेने, झूजवळून प्रिमरोझ हिलवर चढावं. लंडनचा अख्खा देखावा दिसतो आणि बसायला हिरवळ.

टेकडीपासून काही मिनिटांवर १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२मध्ये राहिले ते हे घर. महाराष्ट्र सरकारने ते २०१५मध्ये विकत घेतलं आणि आता तिथे त्यांचं संग्रहालय आहे. जाण्याआधी उघडण्याच्या वेळा तपासा. घर साधंच आहे, साध्याच गल्लीत. पण ब्रिटिश म्युझियममध्ये दोन दिवसांपूर्वी बघितलेली ती गोल खोली आठवा, इथून तिथपर्यंतचं अंतर मनात धरा, मग एका विद्यार्थ्याचा रोजचा दिवस डोळ्यांसमोर येतो. संध्याकाळी कॅम्डन मार्केटमध्ये जाऊन पोटपूजा करा.

खिसा आणि पाय सांभाळा

व्हिसा: युरोपचा शेंगेन व्हिसा लंडनला चालत नाही. पॅरिस-लंडन एकत्र करणार असाल तर दोन वेगळे व्हिसा लागतात.

कार्ड: ट्यूबमध्ये आणि बसमध्ये कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं. निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय आणि कॉन्टॅक्टलेस हे दोन्ही पर्याय चालू करा. परकीय चलनावर बँक किती जादा आकारते तेही विचारा. माणशी एक कार्ड हवं आणि दिवसभर तेच वापरा. एका मर्यादेनंतर त्या दिवसाचे पैसे कापले जात नाहीत. ट्यूबमध्ये आत जाताना आणि बाहेर पडतानाही कार्ड लावायचं, बसमध्ये फक्त चढताना. बसमध्ये रोख घेत नाहीत.

बस: ट्यूबपेक्षा स्वस्त. पहिल्यांदा कार्ड लावल्यापासून तासाभरात दुसरी बस पकडली, तर तिचे पैसे पडत नाहीत.

नकाशा: १९३३पासूनचा ट्यूबचा प्रसिद्ध नकाशा प्रमाणात नाही. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे अंतर तीनशे मीटरही नाही. ट्यूबपेक्षा चालत लवकर पोचाल. कॉव्हेंट गार्डनला लिफ्टची रांग चुकवायला जिना धरलात तर १९३ पायऱ्या आहेत, आधीच सांगून ठेवतो!

विमानतळ: हीथ्रोहून शहरात यायला हीथ्रो एक्स्प्रेस वेगवान पण महाग, पिकॅडिली लाइन संथ पण स्वस्त. एलिझाबेथ लाइन दोन्हींच्या मधली.

शिस्त: एस्कलेटरवर उजवीकडे उभं राहायचं. डावी बाजू घाईत असणाऱ्यांची.

उंचावरून लंडन: स्काय गार्डन आणि होरायझन २२ ही दोन्ही ठिकाणं मोफत आहेत, पण ऑनलाइन बुकिंग लवकर संपतं. मुंबईहूनच करा.

अ‍ॅबी: वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीचं तिकीट परवडत नसेल तर संध्याकाळच्या 'इव्हनसाँग' प्रार्थनेला जा. प्रवेश मोफत, गायन सुरेख. फक्त तिथे भटकंती आणि फोटो नाहीत.

खाणं: सुपरमार्केटमध्ये सँडविच, पेय आणि स्नॅक असं 'मील डील' स्वस्तात मिळतं. शाकाहारी मंडळींनो, तिथल्या 'व्हेजिटेरियन'मध्ये अंडं असू शकतं. नको असेल तर 'व्हीगन' बघा. हॉटेलात 'टॅप वॉटर' मागा, पैसे पडत नाहीत.

उजेड: जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो. डिसेंबरमध्ये चार वाजताच अंधार पडतो. बागा, टेकड्या आणि कालवे त्याप्रमाणे ठरवा.

आता तुमच्या यादीतलं बरंच काही राहून जाईल, हे खरं. मादाम तुसाँ राहील, शार्ड राहील, कदाचित बकिंगहॅम पॅलेसच्या गार्ड्सची परेडही राहील. राहू दे की! सोमवारी ऑफिसात कुणी विचारलं, "अरे, तिथे जाऊन मेणाचे पुतळे नाही बघितलेस?" तर त्याला अ‍ॅलिस एअर्सची गोष्ट सांगा. आणि हो, आईला फोन करून शहर कसं आहे तेही सांगा. या वेळी उत्तर सुचेल.